प्रश्न वाचकांचे : प्रकल्प हाती घेण्यापासून हातावेगळा होईपर्यंत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. हाती घेतलेले काम ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या पैशांत आणि ठरल्याप्रमाणे पार कसे पाडावे, हा तो विषय. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण उरलेल्या पत्रांतील बहुतेक अडचणींचे मूळ त्या एका पत्रात सापडते.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाला येत्या विजयादशमीला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त कौलारू इमारतीची दुरुस्ती, नवी कपाटे आणि संग्रहातील सुमारे 300 जुन्या ग्रंथांचे स्कॅनिंग अशी तीन कामे कार्यकारिणीने एकमताने मंजूर केली आहेत. देणगीदारांनी शब्द दिला आहे. आतापर्यंत तीन सभा झाल्या, तिन्ही उत्साहात झाल्या, परंतु जानेवारी अर्धा सरत आला तरी काम सुरू झालेले नाही. सुरुवात नेमकी कोठून करावी?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात तीन कामांची नावे आहेत, पण त्यांतील कोणते काम कधी पूर्ण झाले असे मानायचे, हे एकाही ठिकाणी लिहिलेले नाही. ‘इमारतीची दुरुस्ती’ या दोन शब्दांत फुटकी कौले बदलणे येते, वाळवी लागलेले वासे बदलणे येते, वायरिंग येते, आणि एखाद्या हौशी सदस्याच्या मनात असेल तर अंगणातील फरशीसुद्धा येते. सभेत सर्वांनी होकार दिला खरा, पण प्रत्येकाने तो आपापल्या मनातील दुरुस्तीला दिला. म्हणून पहिले काम कागदावरचे आहे. हे सारे कशासाठी करायचे, त्यात काय येते, काय येत नाही, खर्चाची मर्यादा किती, तारीख कोणती आणि जबाबदार कोण, एवढे एका पानावर लिहून काढा आणि कार्यकारिणीच्या सह्या घ्या. ‘काय येत नाही’ हा रकाना लोक संकोचाने रिकामा ठेवतात, कारण तो लिहिताना कोणाच्या तरी आवडत्या कल्पनेला नकार द्यावा लागतो. तो नकार आज दिला तर थोडी नाराजी होईल, पण मे महिन्यात छप्पर उघडे असताना तो देण्याची वेळ आली, तर गवंडी बसून राहतील आणि त्यांची मजुरी मात्र चालू राहील.

जबाबदारीच्या रकान्यात ‘कार्यकारिणी’ असे लिहू नका. तेथे एका व्यक्तीचे नाव हवे, आणि तिला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च सभा न बोलावता करण्याचा लेखी अधिकार हवा. काम मोठे असेल तर त्याचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याला एक धनी द्यावा. कोकण रेल्वेचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. जुलै 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाल्यावर ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटण्यात आला, आणि प्रत्येक विभागाची सूत्रे एकेका मुख्य अभियंत्याकडे देण्यात आली. कोणता पूल का रखडला, हे विचारायचे झाले तर कोणाला विचारायचे याविषयी संभ्रम नव्हता. तुमच्या तीन कामांनाही असेच तीन धनी हवेत, आणि त्या तिघांवर एक.

आता वेळापत्रकाकडे येऊ. तुमच्या पत्रात विजयादशमीचा उल्लेख आला आहे आणि पावसाळ्याचा एकदाही नाही. कौले उतरवायची असतील तर तुमची खरी मुदत दसरा नसून मृग नक्षत्र आहे, म्हणजे साधारण 7 जून. हे लक्षात घेऊन कामांचा क्रम लावू. येथे दिलेले आठवडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुम्ही स्थानिक मेस्त्रींना विचारून ते बदला. दरपत्रके मागवून कंत्राटदार ठरवण्यास 4 आठवडे, छपरास 6, वायरिंगला 2, गिलाव्याची दुरुस्ती करून तो वाळू देण्यास 3, रंगास 2, कपाटे बसवण्यास 1 आणि पुस्तके विषयवार पुन्हा लावण्यास 4, असे धरले तर एकूण 22 आठवडे होतात. यांतील प्रत्येक काम आधीचे काम संपल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे या साखळीतील एक कडी आठवडाभर लांबली की सगळा प्रकल्प आठवडाभर लांबतो. व्यवस्थापनाच्या परिभाषेत या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात; आपण तिला निर्णायक मार्ग म्हणू. ही पद्धत 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ड्युपाँट या रसायन कंपनीत कारखान्यांच्या उभारणीसाठी आणि देखभालीसाठी विकसित झाली, आणि तिला संगणकाची जोड असली तरी तिचे मर्म पाटीवरही मांडता येते.

या साखळीबाहेरच्या कामांना सवड असते. पुस्तके बांधून हलवण्यास 3 आठवडे लागतील, पण ते काम दरपत्रके येईपर्यंतच्या 4 आठवड्यांत उरकता येते, म्हणून त्याला एका आठवड्याची सवड आहे. कपाटे तयार होऊन येण्यास 8 आठवडे लागतात असे धरले आणि मागणी चौथ्या आठवड्याच्या शेवटी नोंदवली, तर ती बाराव्या आठवड्याच्या शेवटी येतील; लागणार आहेत ती सतराव्या आठवड्यानंतर, म्हणजे सवड 5 आठवड्यांची. सुतार दोन आठवडे उशीर करणार असे म्हणाला तर त्याच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. कौलांची गाडी मात्र दोन दिवस उशिरा येणार असेल तर त्याच दिवशी फोन उचला. धावपळ कोठे करायची आणि कोठे शांत राहायचे हे या आकडेमोडीतून कळते, आणि माझ्या मते या शास्त्राने सामान्य माणसाला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

जानेवारीच्या मध्यास सुरुवात केली तर 22 आठवडे जूनच्या मध्यास संपतात आणि दसऱ्याआधी तीन महिने मोकळे राहतात, असे दिसते. हे मोकळे दिवस पाहून कोणीतरी ‘एप्रिलमध्ये सुरू करू’ असे म्हणेल. त्यांना हा हिशेब दाखवा : दरपत्रकांचे 4 आणि छपराचे 6 असे 10 आठवडे 7 जूनपासून मागे मोजले तर 29 मार्च ही तारीख येते. त्यानंतर सुरू केलेले काम पावसात सापडेल. शिवाय मार्चअखेर ही आपल्याकडे कंत्राटदारांची सरकारी बिलांची धांदल असते, त्या दिवसांत नवे काम घेण्यास चांगला मेस्त्री सहसा तयार नसतो, हेही ध्यानात असू द्या.

स्कॅनिंगचा हिशेब कोणी केलेला दिसत नाही. 300 ग्रंथांची सरासरी 250 पाने धरली तर 75,000 पाने होतात. जुनी, ठिसूळ पाने जपून उलटत, तपासून आणि नोंद करून दिवसाला 800 पाने झाली तरी 94 दिवस लागतात, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस काम करून सोळा आठवडे. पुस्तके पुन्हा कपाटांत लागल्यावर हे काम सुरू केले तर ते ऑक्टोबरपर्यंत जाईल आणि दसऱ्याशी त्याची गाठ पडेल. पण पुस्तके हलवताना हे 300 ग्रंथ वेगळे काढून दुसऱ्या जागेत फेब्रुवारीतच स्कॅनिंग सुरू केले तर ते मेअखेर संपते. तेवढेच श्रम, तेवढाच खर्च. केवळ क्रम बदलला. जागा म्हणून शाळेची खोली मागणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, हे आधी विचारून घ्या. आणि एक कायद्याची बाब : आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो. त्यामुळे ग्रंथांची यादी करताना लेखक आणि अनुवादक यांची मृत्युवर्षे शोधणे हे स्कॅनिंगच्या आधीचे काम आहे. ते ग्रंथपालांकडे आजच सोपवा.

काय काय बिघडू शकते याची यादी या टप्प्यावर करावी. वळवाचा पाऊस, मेस्त्री मध्येच लग्नसराईत गावी जाणे, कौले काढल्यावर वासे अपेक्षेपेक्षा अधिक खराब निघणे, अशा सात-आठ शक्यता पुरेत. प्रत्येकीपुढे ती घडू नये म्हणून काय करायचे आणि घडलीच तर काय करायचे, असे एकेक वाक्य लिहा. वासे खराब निघण्याची शक्यता जुन्या इमारतीत मोठी असते, म्हणून दरपत्रकातच ‘वासा बदलल्यास प्रति नग दर’ लिहून घ्या. छप्पर उघडल्यावर दर विचारलात तर तो वेगळा असतो. देणगीदारांचा शब्द आणि बँकेतील शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाचा धनादेश कोणत्या महिन्यात येणार आणि कोणते बिल कोणत्या महिन्यात द्यायचे, हे शेजारी शेजारी मांडून पाहा. एकूण रक्कम पुरेशी असूनही मार्चमध्ये हात रिकामा, अशी वेळ येऊ शकते, आणि काम थांबवण्यास तेवढे पुरते.

इतके झाल्यावर चौथी सभा घ्या, आणि ती अर्ध्या तासात संपवा.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत पाच जणांच्या गटाची प्रमुख झाले आहे. ग्राहक प्रत्येक आठवड्याला ‘एक छोटासा बदल’ सांगतो आणि आमचे वरिष्ठ होकार देतात. तारीख मात्र तीच राहते. आता आम्ही मागे पडलो आहोत, तर वरिष्ठ आणखी चार माणसे देऊ म्हणतात. ती घ्यावीत का?
— एक अभियंता, पुणे

उत्तर : बदल मागणे हा ग्राहकाचा दोष नाही. काम डोळ्यांपुढे आकार घेऊ लागल्यावरच आपल्याला काय हवे होते हे त्याला कळते. दोष आहे तो बदलाला किंमत न लावण्यात. यापुढे प्रत्येक बदलाची एका नोंदवहीत नोंद करा : कोणी मागितला, त्याने किती दिवस वाढतात, किती खर्च वाढतो, आधी तयार झालेल्या कोणत्या भागाला हात लावावा लागतो. मग ग्राहकापुढे आणि वरिष्ठांपुढे तीन पर्याय ठेवा. तारीख पुढे न्या, पैसे वाढवा, किंवा यादीतील दुसरे काही वगळा. तुम्हाला ‘नाही’ म्हणण्याची गरज पडणार नाही. ‘हो, चार दिवस लागतील, तारीख त्याप्रमाणे बदलू का?’ एवढे लेखी विचारणे पुरे. पहिल्या दोन वेळा सर्वांनाच हे खटकेल. पुढे मात्र छोट्या बदलांची संख्या आपोआप घटते, असा माझा अनुभव आहे.

आराखडा पक्का नसताना काम सुरू करण्याची किंमत किती असू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाउस. वास्तुशिल्पी योर्न उत्झॉन यांचा आराखडा 1957 मध्ये निवडला गेला आणि छपराची ती शिंपल्यांसारखी कवचे प्रत्यक्षात कशी उभी करायची हे सुटण्याआधीच, 1959 मध्ये, पायाचे काम सुरू झाले. पुढे छपराचा भार ठरल्यावर आधीचे खांब अपुरे ठरले आणि ते नव्याने बांधावे लागले. सुरुवातीचा अंदाज 70 लाख डॉलरचा होता, अखेरचा खर्च 10 कोटी 20 लाख डॉलर झाला, आणि 1963 मध्ये पूर्ण व्हायची ती इमारत 1973 मध्ये खुली झाली. इमारत अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण तुमचा ग्राहक दहा वर्षे थांबेल असे वाटत नाही.

चार माणसांविषयी : पाच जणांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या 10 असतात, नऊ जणांत त्या 36 होतात. नव्या माणसांना काम समजावून सांगण्यात तुमच्या जुन्या पाच जणांचेच दिवस जातील, आणि मागे पडलेले काम आणखी मागे पडेल. ज्याची चाचणी स्वतंत्रपणे करता येते असा एखादा तुटक भाग असेल तर त्यासाठी एक जण घ्या. उरलेल्या तिघांना नम्रपणे नकार द्या.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाने आंबापोळी आणि कोकम आगळ यांचे लहान युनिट काढायचे ठरवले आहे. वेळेचा आणि खर्चाचा अंदाज प्रत्येक जण वेगळा सांगतो. कोणाचे खरे मानायचे?
— बचत गटाच्या अध्यक्षा, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, कोणा एकीचे खरे मानू नका, सर्वांचे वापरा. प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घ्या : सगळे सुरळीत झाले तर किती, नेहमीसारखे झाले तर किती, आणि सगळेच अडले तर किती. मधल्या अंदाजाची चौपट करा, त्यात पहिला आणि तिसरा मिळवा, आणि बेरजेला सहाने भागा. समजा, थ्री-फेज वीजजोडणीला उत्तम स्थितीत 3 आठवडे, नेहमीचे 6 आणि वाईटात 15 आठवडे लागतील असे लोक सांगतात. तर 3, 24 आणि 15 मिळून 42, भागिले सहा, म्हणजे 7 आठवडे. ही रीत 1958 च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात वापरात आली. क्षेपणास्त्राला चालली ती आंबापोळीलाही चालते. काम लवकर उरकून फार तर दोन-तीन आठवडे वाचतात, पण अडले तर नऊ आठवडे जातात, हे वास्तव त्या आकड्यात उतरते.

तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट या गणितापेक्षा मोठी आहे. आंबा आणि कोकम दोन्ही एप्रिल-मेमध्ये येतात. वीजजोडणी मार्चऐवजी जूनमध्ये मिळाली तर तुमचा उशीर तीन महिन्यांचा न राहता पूर्ण वर्षाचा होतो, आणि कर्जाचे हप्ते त्या वर्षातही चालूच राहतात. म्हणून वीज, अन्नसुरक्षा नोंदणी आणि पाण्याची तपासणी ही दुसऱ्यांच्या हातातील कामे सर्वांत आधी सुरू करा. शेड आणि यंत्रे ही पैसे देऊन घाईने करून घेता येतात. औद्योगिक वसाहतीतील एका कामावर असताना आम्ही शेड, यंत्रे, कामगार सगळे जमवले होते आणि विजेचा अर्ज टेबलाच्या खणात राहिला होता. यंत्रांवर सात आठवडे ताडपत्री होती. आणि अनुदान हाती पडेपर्यंत ते नाही असे समजूनच खर्च मांडा.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेच्या 200 मीटर कुंपणभिंतीसाठी 10 लाख रुपये आणि 10 आठवडे मंजूर झाले. पाच आठवडे झाले, 4 लाख 80 हजार खर्च झाले आणि 80 मीटर भिंत झाली. ‘खर्च अंदाजापेक्षा कमीच आहे’ असे देखरेख करणारे सांगतात. मी समाधान मानावे का?
— एक विश्वस्त, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : मानू नये. तुमच्या अंदाजाप्रमाणे मीटरला 5,000 रुपये पडतात, म्हणजे झालेल्या 80 मीटर कामाचे मोल 4 लाख आहे आणि त्यासाठी तुम्ही 4 लाख 80 हजार मोजले आहेत. या वेगाने एकूण खर्च 12 लाखांवर जाईल. आठवड्याला 16 मीटर हा वेग धरला तर भिंतीला साडेबारा आठवडे लागतील. खर्चाची तुलना गेलेल्या वेळेशी करू नका, झालेल्या कामाशी करा. आणि ‘झालेले काम’ मोजताना फक्त पूर्ण झालेले मीटर धरा. ‘नव्वद टक्के झाले आहे’ हे उत्तर कोणी सलग तीन आठवडे देत असेल तर स्वतः जाऊन टेप लावावी. विटांचा भाव वाढला, मजूर कमी आले, की पाया ठरल्याहून खोल गेला, हे कारण आत्ताच शोधा. पाया हे कारण असेल आणि उरलेल्या 120 मीटरची जमीन तशीच असेल, तर वाढीव रकमेसाठी आजच विश्वस्त मंडळाकडे जा. दहाव्या आठवड्यात गेलात तर मंडळापुढे मंजुरीवाचून दुसरा मार्ग उरणार नाही, आणि ते त्यांना आवडणार नाही.

प्रश्न : उद्घाटन झाले की प्रकल्प संपला असे समजावे काय?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : उद्घाटनाची तारीख आणि काम संपण्याची तारीख एकच असेल असे नाही, आणि ती कधीकधी एकच नसलेली बरी. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी सुरू झाला, पण दक्षिणेत मंगळूर-उडुपी आणि उत्तरेत रोहा-वीर हे टप्पे 1993 मध्येच वापरात आले होते. मूळ उद्दिष्ट पाच वर्षांचे होते. ते लांबले. गोव्यात हा मार्ग कोठून न्यावा याविषयीचा वाद तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात भर पडली ती पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतील बोगद्यांची, आणि गोव्यातील पेडण्याचा बोगदा अखेरपर्यंत अडून राहिला. टप्प्याटप्प्याने काम सोपवत गेल्यामुळे तयार झालेला लोहमार्ग पेडण्यासाठी खोळंबून राहिला नाही.

लहान कामांत शेवट वेगळ्या कारणाने राहून जातो. हार-तुरे झाले की गटातील माणसे नव्या कामाकडे वळतात आणि जुन्याचे धागे लोंबत राहतात. कंत्राटदाराच्या बिलातून साधारण पाच टक्के रक्कम दोष-दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत राखून ठेवण्याची प्रथा आहे, ती पाळावी, आणि मुदत संपताच ती त्याला न मागता परत करावी. पुढच्या कामाला तो तुमच्याकडे आनंदाने येईल. उरलेल्या त्रुटींची यादी दोघांच्या सहीने करावी. यंत्रांची हमीपत्रे, बिले आणि परवाने एका फायलीत लावावेत. अंदाज किती होता आणि प्रत्यक्षात किती लागले, हे प्रत्येक कामापुढे लिहून ठेवावे, कारण पुढच्या अंदाजाला याहून चांगला आधार मिळत नाही. मग ज्यांना ती वास्तू वापरायची आहे त्यांच्या हाती ही फाइल, किल्ल्यांचे दोन्ही जुडगे आणि भिंतीआड कोणती वायर कोठून गेली आहे याचा नकाशा द्यावा, आणि पोच घ्यावी.